ग्रंथ एक, वाचने अनेक : समलैंगिकता, बायबल आणि ख्रिस्ती जगतातील फूट

२ नोव्हेंबर २००३. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील डरहॅम गावी, विद्यापीठाच्या ज्या क्रीडागृहात एरवी बर्फावरील हॉकीचे सामने रंगत, तेथे त्या दिवशी एका धर्मगुरूला बिशपपदाची दीक्षा दिली जात होती. सोहळ्याच्या भरजरी वस्त्रांखाली या धर्मगुरूने गोळीपासून बचाव करणारे जाकीट घातले होते, कारण त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. जीन रॉबिन्सन हे त्यांचे नाव. आपण समलिंगी आहोत आणि एका पुरुषाबरोबर सहजीवन व्यतीत करीत आहोत, हे त्यांनी उघडपणे सांगितले होते. त्यांच्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी व सामान्य सभासदांनी हे ठाऊक असूनच त्यांची निवड केली होती.

या एका दीक्षाविधीने जगभरातील अँग्लिकन परिवाराला जो तडा गेला, तो पुढील दोन दशकांत रुंदावतच गेला. या वादाकडे बाहेरून पाहणाऱ्याला तो समलैंगिकतेबद्दलचा वाद वाटतो, आणि तो तसा आहेही. तथापि, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद बारकाईने पाहिले, तर त्यांच्या मुळाशी याहून जुना प्रश्न सापडतो. धर्मग्रंथाचा अर्थ कसा लावायचा आणि तो लावण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. विधवाविवाहाच्या वादात दोन्ही पक्ष शास्त्रवचनांचाच आधार घेत होते आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृती पुढे केली होती, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित वाटू नये.

मोजकीच वचने

बायबलमध्ये एकतीस हजारांहून अधिक वचने आहेत. त्यांपैकी समलिंगी संबंधांशी थेट जोडले जाणारे उतारे जेमतेम अर्धा डझन आहेत. जुन्या करारातील उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोम नगराची कथा, लेवीय या पुस्तकातील दोन वचने, आणि नव्या करारात पौलाच्या नावे असलेल्या पत्रांतील तीन उल्लेख (रोमकरांस पत्र, करिंथकरांस पहिले पत्र आणि तीमथ्याला पहिले पत्र), एवढाच हा ऐवज आहे. संख्येने अल्प असली तरी ही वचने निषेधाचीच आहेत, अनुमतीचे एकही नाही, याकडे परंपरावादी लक्ष वेधतात. ही वचने कशाचा निषेध करतात ते आधी ठरवू या, असे सुधारणावादी म्हणतात.

सदोमची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. लोटाच्या घरी दोन देवदूत पाहुणे म्हणून उतरतात. नगरातील पुरुष घराला वेढा घालतात आणि पाहुण्यांना आपल्या हवाली करण्याची मागणी करतात. पुढे नगरावर अग्नी व गंधक यांचा वर्षाव होतो. शतकानुशतके ही कथा समलैंगिकतेला मिळालेल्या दैवी शिक्षेची कथा म्हणून सांगितली गेली. इंग्रजीतील ‘सॉडमी’ हा शब्द याच नगरावरून आला. मात्र १९५५ साली डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन अभ्यासकाने या परंपरागत अर्थावर प्रश्नचिन्ह उपस्थित केले. कथेतील जमाव बलात्कारासाठी आला आहे. अतिथीला आसरा देण्याऐवजी त्याची विटंबना करणे हा तेथील अपराध आहे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. यहेज्केल संदेष्ट्याने सदोमचे पाप सांगताना गर्व, अतितृप्ती आणि गरिबांची उपेक्षा यांचा उल्लेख केला आहे, हा त्यांचा महत्त्वाचा आधार. यावर परंपरावाद्यांचे उत्तर असे, की यहेज्केल लगेच पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख करतो आणि नव्या करारातील यहूदाचे पत्र सदोमच्या लैंगिक अनाचाराकडे बोट दाखवते. असे असले तरी परंपरागत भूमिका मांडणाऱ्या अनेक गंभीर अभ्यासकांनीही सदोमची कथा आता या वादातून बाजूला ठेवली आहे.

कोणता नियम टिकतो?

लेवीय या पुस्तकातील वचने अधिक स्पष्ट आहेत. पुरुषाने स्त्रीशी करावा तसा संग पुरुषाशी करू नये, असे एक वचन सांगते. दुसरे त्यासाठी देहान्त शिक्षा फर्मावते. येथे प्रश्न उभा राहतो तो या नियमांच्या बंधनाचा. याच पुस्तकात दोन प्रकारच्या धाग्यांनी विणलेले वस्त्र वापरू नये, कवचधारी जलचर खाऊ नयेत, असेही नियम आहेत. ख्रिस्ती माणूस ते पाळीत नाही. मग एकच नियम कायम आणि शेजारचा रद्द, हे कोणी ठरविले?

परंपरावाद्यांपाशी याचे उत्तर आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मोशेच्या नियमशास्त्रातील विधिविषयक, राज्यकारभारविषयक आणि नैतिक असे भाग चर्चने फार पूर्वीच वेगळे केले. सोळाव्या शतकातील अँग्लिकन श्रद्धालेखांच्या सातव्या कलमात हा भेद नोंदलेला असून, नैतिक आज्ञांपासून कोणाही ख्रिस्ती व्यक्तीची सुटका नाही, असे तेथे म्हटले आहे. शिवाय लेवीयच्या त्याच अध्यायांत जवळच्या नात्यातील संबंध, पशुगमन आणि बालबळी यांनाही मनाई आहे. ते नियम कालबाह्य झाले, असे कोणी म्हणत नाही. यावर सुधारणावादी विचारतात, की हा त्रिभाग मूळ ग्रंथात कोठे आहे? तेथे सर्व आज्ञा एकाच ओघात येतात. त्यांतील रेषा वाचकाने आखली आहे. म्हणजे ‘आम्ही फक्त लिहिलेले पाळतो’ असे म्हणणाऱ्यालाही अर्थ लावावाच लागतो.

पौलाचे शब्द

वादाचे खरे केंद्र नव्या करारात आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल मूर्तिपूजेबद्दल लिहितो. निर्माणकर्त्याला विसरून निर्मितीची पूजा करणारी माणसे वासनांच्या अधीन झाली. स्त्रियांनी आणि पुरुषांनी नैसर्गिक संबंध सोडून निसर्गाविरुद्ध संबंध धरले, असे त्याचे प्रतिपादन आहे. सुधारणावादी अभ्यासकांच्या मते पौलासमोरचे जग ग्रीक-रोमन होते. तेथे प्रौढ पुरुष आणि किशोरवयीन मुलगा, मालक आणि गुलाम, अशा विषम संबंधांचे प्राबल्य होते. दोन समवयस्क व्यक्तींचे आयुष्यभराच्या निष्ठेचे सहजीवन पौलाच्या डोळ्यांसमोर नव्हते. ‘निसर्ग’ या शब्दाचाही पौल एकाच अर्थाने वापर करीत नाही. पुरुषाने केस लांब वाढविणे लाजिरवाणे आहे, हेदेखील तो निसर्गाच्याच दाखल्याने सांगतो. आणि रानटी जैतुनाची फांदी देवाने निसर्गाविरुद्ध बागेतल्या जैतुनावर कलम केली, असे म्हणताना तेच शब्द तो देवाच्या कृपेसाठी योजतो.

रॉबर्ट गॅग्नन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत ग्रंथात याचा प्रतिवाद केला. पौल पुरुषांच्या एकमेकांविषयीच्या वासनेबद्दल लिहितो, म्हणजे संबंध परस्परसंमतीचे आहेत. तो स्त्रियांचाही उल्लेख करतो, आणि किशोरवयीन मुलांच्या शोषणाचा मुद्दा तेथे लागू पडत नाही. त्याचा रोख शोषणावर असता, तर त्याने तसे लिहिले असते. त्याचा आधार सृष्टीच्या रचनेत, नर व नारी या उत्पत्तीतील जोडीत आहे, असे गॅग्नन यांचे म्हणणे आहे.

करिंथकरांस पत्रातील वाद एका शब्दाभोवती फिरतो. ‘आर्सेनोकोइताइ’ हा तो ग्रीक शब्द. त्याचे घटक ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ असे आहेत. पौलापूर्वीच्या उपलब्ध ग्रीक वाङ्मयात हा शब्द आढळत नाही. लेवीयच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे दोन्ही घटक शेजारी शेजारी येतात. तेव्हा पौलाने किंवा त्याच्या काळातील ग्रीकभाषक यहुद्यांनी त्यावरून हा शब्द घडविला असावा, असे बहुसंख्य परंपरावादी मानतात. समासाचे घटक कळले म्हणून शब्दाचा वापर कळतोच असे नाही, हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप. नंतरच्या काही याद्यांत हा शब्द आर्थिक अन्यायाच्या पापांशेजारी येतो. त्यामुळे त्याला शोषणाचा अर्थ असावा, असे ही मंडळी सुचवितात. त्याच वचनात आधी येणाऱ्या ‘मालाकोइ’ या शब्दाचा मूळ अर्थ तर नुसता ‘मऊ’ असा आहे.

भाषांतरकाराची लेखणी

या अनिश्चिततेचा परिणाम सामान्य वाचकापर्यंत पोहोचतो तो भाषांतरातून. ‘होमोसेक्शुअल’ या शब्दाचा जन्म एकोणिसाव्या शतकातला. कार्ल मारिया कर्टबेनी या लेखकाच्या जर्मन पत्रकांतून १८६९ साली तो छापून आला. इंग्रजी बायबलमध्ये तो प्रथम अवतरला १९४६ साली, ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’च्या नव्या करारात. तेथे दोन वेगळ्या ग्रीक शब्दांसाठी हा एकच शब्द योजला गेला. १९७१च्या आवृत्तीत तो वगळून ‘लैंगिक विकृत’ अशा अर्थाचा शब्द आला. १९८९च्या पुढील संस्करणात पुन्हा दोन वेगळे शब्द आले. ग्रीक मूळ तेच राहिले. इंग्रजी वाचकाच्या हाती मात्र एका आयुष्याच्या अवधीत तीन वेगवेगळे निवाडे पडले. पहिल्या शब्दाने एक प्रवृत्ती असलेल्या सर्व माणसांना कवेत घेतले. मूळ शब्द कृती करणाऱ्याचा आहे, हे परंपरावादी अभ्यासकही मान्य करतात.

मराठी वाचकाला भाषांतराचे हे मर्म वेगळे सांगायला नको. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, तेव्हापासून प्रत्येक पिढीने बायबलच्या मराठीशी झुंज घेतली आहे. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते हातावेगळे केले. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर, सिस्टर जेराल्डिन या आपल्या अँग्लिकन मार्गदर्शिकेशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चचा अधिकार शिरोधार्य मानावा, असा एकीचा आग्रह होता. ग्रंथ स्वतः वाचून सद्सद्विवेकाने निर्णय करण्याचा हक्क दुसरी सोडायला तयार नव्हती. त्या पत्रांत समलैंगिकतेचा विषय नाही. परंतु आज अँग्लिकन परिवाराला सतावणारा अधिकाराचा प्रश्न त्यांत पुरेपूर आहे.

येशूचे मौन

समलिंगी संबंधांबद्दल येशूच्या तोंडी शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. या मौनाचा अर्थही दोन प्रकारे लावला जातो. ज्याविषयी येशूला बोलावेसे वाटले नाही, तो विषय श्रद्धेचा गाभा कसा असेल, असे एक बाजू विचारते. मत्तयाच्या शुभवर्तमानात घटस्फोटाविषयी बोलताना येशू उत्पत्तीतील नर-नारीच्या निर्मितीचा दाखला देतो, त्यात विवाहाची व्याख्या आलीच, असे दुसरी बाजू सांगते. गंमत अशी, की तो उतारा मुळात घटस्फोटाला मनाई करणारा आहे. तरीही बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी घटस्फोटितांना सामावून घेतले. इंग्लंडच्या चर्चने २००२ साली, पहिला जोडीदार हयात असतानाही, विशिष्ट परिस्थितीत चर्चमध्ये पुनर्विवाहाची मुभा दिली.

गुलामगिरीचा दाखला

येथेच सुधारणावाद्यांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद सुरू होतो. गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, असे नवा करार सांगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील दक्षिणेकडचे धर्मोपदेशक या वचनांच्या बळावर गुलामगिरीचे समर्थन करीत. या प्रश्नावर १८४४ साली मेथडिस्टांत फूट पडली आणि १८४५ साली दक्षिणेचे बॅप्टिस्ट वेगळे झाले. त्या दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ साली आपल्या त्या भूमिकेबद्दल क्षमा मागितली. स्त्रियांनी सभेत गप्प राहावे, असेही पौलाच्या पत्रात आहे. तरी इंग्लंडच्या चर्चने १९९४ पासून स्त्रियांना धर्मगुरूपद आणि २०१५ पासून बिशपपद दिले. १९२०च्या लँबेथ परिषदेने गर्भनिरोधनाविरुद्ध इशारा दिला होता. १९३० साली त्याच परिषदेने त्याला मर्यादित मान्यता दिली. एवढ्या ठिकाणी वाचन बदलले, मग येथेच का नाही?

विल्यम वेब या अभ्यासकाने २००१ साली या तुलनेलाच आव्हान दिले. त्यांच्या मते बायबलमध्ये गुलाम आणि स्त्री यांच्याबाबतचे नियम भोवतालच्या समाजापेक्षा सौम्य होत गेलेले दिसतात. त्या प्रवाहाची दिशा मुक्तीकडे आहे आणि ती पुढे नेणे ग्रंथाला धरूनच होते. समलिंगी संबंधांबाबत मात्र दिशा उलटी आहे. भोवतालच्या समाजाहून बायबल अधिक कठोर आहे. म्हणून एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

या कोंडीतून काहींनी तिसरी वाट काढली. ल्यूक टिमथी जॉन्सन या कॅथलिक अभ्यासकाने वचनांचा अर्थ वळविण्याचे प्रयत्न नाकारले. ग्रंथ निषेध करतो हे मान्य करून, समलिंगी श्रद्धावंतांच्या जीवनात दिसणाऱ्या देवाच्या कार्याची साक्ष आपण त्याहून वजनदार मानतो, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यांचा आधार आहे प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग. परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा उतरलेला पाहून पेत्राने शुद्ध-अशुद्धाची जुनी चौकट सोडली, आणि ग्रंथाचे पुनर्वाचन त्यानंतर झाले. त्याच यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांना जारकर्मापासून दूर राहण्यासही सांगितले होते, याची आठवण परंपरावादी करून देतात.

या वादात एका नावाचा विशेष उल्लेख करावा लागेल. रिचर्ड हेज यांचा नव्या कराराच्या नीतिविचारावरील १९९६चा ग्रंथ परंपरागत भूमिकेचा भक्कम आधार मानला जाई. त्याच हेज यांनी २०२४ साली आपला मुलगा ख्रिस्तोफर याच्यासह लिहिलेल्या पुस्तकात भूमिका बदलली. त्या वचनांचा अर्थ बदलल्याचे त्यांनी म्हटले नाही. संपूर्ण बायबलमध्ये देवाच्या दयेचे वर्तुळ विस्तारत जाते आणि त्या विस्तारात समलिंगी व्यक्तीही येतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. जानेवारी २०२५मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जुन्या वाचकांपैकी काहींना हा प्रामाणिकपणा वाटला, तर काहींना शरणागती.

परिवारातील भिंत

हे अभ्यासकांचे वाद चर्चच्या मतपेटीपर्यंत पोहोचले ते अँग्लिकन परिवारात. या परिवारात चाळीसहून अधिक स्वायत्त चर्च आहेत. पोपसारखी अंतिम सत्ता येथे कोणाकडे नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांचे स्थान मानाचे, हुकमाचे नव्हे. सोळाव्या शतकातील धर्मचिंतक रिचर्ड हूकर यांच्यापासून ग्रंथ, विवेक आणि परंपरा या तिन्हींचा मेळ घालण्याची पद्धत येथे रुजली. मेळ बसेनासा झाला म्हणजे काय करायचे, याचे उत्तर मात्र त्या पद्धतीत नव्हते.

१९९८च्या लँबेथ परिषदेत बिशपांनी ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव केला. ४५ जण तटस्थ राहिले. समलिंगी आचरण धर्मशास्त्राशी विसंगत असल्याचे ठरावाने म्हटले. समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे वचनही त्याच ठरावाने दिले. यातील कोणता अर्धा भाग कोणाच्या स्मरणात राहिला, यावरच पुढचा इतिहास घडला. २००३च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जेफ्री जॉन यांचे नाव रेडिंगच्या बिशपपदासाठी जाहीर झाले. आपण ब्रह्मचर्य पाळीत असल्याचे त्यांनी सांगितले होते, तरी विरोधापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. काही महिन्यांतच अमेरिकेत रॉबिन्सन यांचा दीक्षाविधी झाला. २००८च्या लँबेथ परिषदेचे निमंत्रण रॉबिन्सन यांना मिळाले नाही. त्याच वर्षी परंपरावाद्यांनी जेरुसलेममध्ये ‘गॅफकॉन’ ही स्वतंत्र परिषद भरविली.

या विरोधाचे नेतृत्व प्रामुख्याने नायजेरिया, युगांडा, रवांडा या आफ्रिकी देशांतील चर्चकडे आहे. पाश्चात्त्य माध्यमांनी त्याला अनेकदा मागासलेपणाचे लेबल लावले. युगांडातील ख्रिस्ती स्मृती मात्र वेगळी आहे. १८८५ ते १८८७ या काळात राजा म्वांगा याने आपल्या दरबारातील ख्रिस्ती तरुण सेवकांना ठार केले. राजाच्या लैंगिक मागण्यांना त्यांनी दिलेला नकार हे त्यामागील एक कारण होते, असे परंपरा सांगते. ज्या चर्चच्या हुतात्म्यांची कथा अशी आहे, त्याला ही वचने कोरडी वाटत नाहीत. दुसरीकडे, दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी समलिंगी व्यक्तींवरील अन्यायाची तुलना वर्णद्वेषाशी केली. आफ्रिकेचा आवाजही एकसुरी नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना अनुकूल कौल दिला. बिशप, धर्मगुरू आणि सामान्य सभासद यांची एकत्रित मते २५० विरुद्ध १८१ अशी पडली. विवाहाची व्याख्या मात्र बदलण्यात आली नाही. एका गटाला हे फार झाले, दुसऱ्याला फारच थोडे. त्याच महिन्यात दक्षिण गोलार्धातील परंपरावादी चर्चप्रमुखांच्या गटाने कँटरबरीच्या आर्चबिशपांना परिवाराचे प्रमुख मानण्यास नकार दिला. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सेरा मलाली यांची त्या पदावर नियुक्ती जाहीर झाली. या पदासाठी निवड झालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गॅफकॉनने कँटरबरीशी असलेले नाते झुगारून, आपणच जागतिक अँग्लिकन परिवार असल्याची घोषणा केली.

इतर पंथांची वाट

अन्य पंथांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. संयुक्त मेथडिस्ट चर्चने २०१९ साली ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी कडक केली. त्यानंतरच्या काळात अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. उरलेल्यांनी २०२४ साली समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेवरील बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठविली.

कॅथलिक चर्चची रीत वेगळी. तेथे अर्थनिर्णयाचा अंतिम अधिकार चर्चच्या शिकवण देणाऱ्या यंत्रणेकडे आहे आणि वचनांइतकाच भर नैसर्गिक नियमाच्या तत्त्वज्ञानावर आहे. १९९२चा धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी कृतींना मूलतः विपरीत ठरवितो. त्याच वेळी अशा व्यक्तींशी आदराने व संवेदनशीलतेने वागण्यास सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी शिकवण न बदलता सूर बदलला. समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे त्यांनी जानेवारी २०२३मध्ये सांगितले. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना, विवाहविधीचा आभास होणार नाही अशा बेताने, साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. आफ्रिकेतील बिशपांनी मात्र जानेवारी २०२४मध्ये असे आशीर्वाद देण्यास असमर्थता व्यक्त केली.

भारतातील पडसाद

अँग्लिकन वादाचा भारताशी थेट धागा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि त्याआधीचे चर्च ऑफ साउथ इंडिया ही दोन्ही अनेक पंथांच्या मीलनातून उभी राहिली आणि दोन्ही अँग्लिकन परिवाराचे सदस्य आहेत. भारतीय दंडविधानातील कलम ३७७ हीसुद्धा ब्रिटिश राजवटीची देणगी. १८६०च्या त्या कायद्यातील ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ या शब्दप्रयोगामागे युरोपातील ख्रिस्ती विचारपरंपरेची छाया आहे.

२००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाला लगाम घातला, तेव्हा त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या संघटना होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुनःस्थापित केले. त्या वेळी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवून, समलिंगी व्यक्तींना चर्चने कधीच गुन्हेगार मानले नसल्याचे जाहीर केले. पाप आणि गुन्हा यांतील हा भेद महत्त्वाचा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळण्यात आले. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. कायदा आपल्या वाटेने गेला. चर्चच्या आतला प्रश्न चर्चपाशीच राहिला.

किंमत कोण मोजतो?

ठराव, मते आणि ग्रीक शब्द यांच्या या गदारोळात ज्यांच्याविषयी वाद चालला आहे, ती माणसे हरवतात. त्यांच्यातही एकमत नाही. वेस्ली हिल हे अमेरिकी अभ्यासक स्वतः समलिंगी आहेत. परंपरागत अर्थ ग्राह्य मानून ब्रह्मचर्याचा मार्ग का स्वीकारला, हे त्यांनी २०१०च्या पुस्तकात लिहिले. त्या मार्गातील एकाकीपण त्यांनी लपविले नाही, आणि असे जीवन जगणाऱ्याला मैत्रीचा आधार देणे हे चर्चचे कर्तव्य असल्याचेही बजावले. याउलट, प्रार्थना व समुपदेशनाने प्रवृत्ती बदलता येते असा दावा करणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही १९७६ पासूनची संघटना जून २०१३मध्ये बंद झाली. झालेल्या इजेबद्दल तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. येथे चुकीच्या अर्थनिर्णयाची शिक्षा अर्थ लावणाऱ्यांना झाली नाही; ती इतरांनी भोगली.

दोन्ही बाजूंचे अभ्यासक आपण ग्रंथाशी एकनिष्ठ असल्याचे सांगतात, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही. एका बाजूला भीती आहे ती सोयीनुसार वचने वाकविण्याची. आज हे वचन सोडले, तर उद्या कोणते सोडू, हा तिचा प्रश्न खरा आहे. दुसऱ्या बाजूला भीती आहे ती गुलामगिरीच्या समर्थकांची चूक पुन्हा करण्याची, आणि तीही खरीच आहे. मात्र एक गोष्ट या सर्व इतिहासातून निर्विवादपणे पुढे येते. ग्रंथ स्वतःहून बोलत नाही. कोणीतरी तो वाचतो, भाषांतरित करतो, कोणती आज्ञा चिरंतन आणि कोणती तात्कालिक हे ठरवितो. ‘ग्रंथात तसे लिहिले आहे’ असे म्हणून ही जबाबदारी ग्रंथावर ढकलता येत नाही.

जीन रॉबिन्सन जानेवारी २०१३मध्ये निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांना जाकीट घालावे लागले, ते दुसऱ्या धर्माच्या कोणा शत्रूच्या भयाने नव्हे. ज्या ग्रंथाच्या साक्षीने त्यांनी शपथ घेतली, त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या एका वाचनाने तापलेल्या वातावरणात ते उभे होते. शब्दांचा अर्थ लावणे हे किती जोखमीचे काम आहे, याची याहून बोलकी खूण कोणती असू शकेल?